कंपनीच्या रेकॉर्ड हिट झाल्या म्हणून त्याला कंपनी विकावी लागली, आज त्याच रेकॉर्डसाठी लोक रांगा लावतायत

जुन्या रेकॉर्ड गोळा करणाऱ्या लोकांचे व्हिडीओ तुमच्या फीडमध्ये कधीतरी आले असतील. एखादा माणूस कव्हरमधून काळी तबकडी हळूच बाहेर काढतो, दिव्याखाली तिरकी धरतो आणि लेबलच्या बाजूच्या गुळगुळीत पट्ट्यात डोळे बारीक करून काहीतरी शोधत बसतो.

तो शोधत असतो कानाच्या आकाराची एक बारीक खूण.

ती खरं तर न्यू जर्सीतल्या प्लॅस्टीलाइट नावाच्या कारखान्याची निशाणी. इंग्रजी पी अक्षर असं काही वळणदार काढलेलं की ते कानासारखं दिसायचं. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या रेकॉर्ड १९६६ पर्यंत याच कारखान्यात दाबल्या जायच्या. त्यामुळे कान सापडला की समजायचं, ही तबकडी त्या काळातली आहे. तो नसेल तर बहुतेक वेळा ती नंतरची. या एका खुणेवर रेकॉर्डची किंमत कितीतरी पट वर-खाली होते. हँक मोब्ली या सॅक्सोफोनवादकाची १९५७ सालची एक ब्लू नोट रेकॉर्ड चांगल्या अवस्थेत मिळाली, तर तिला हजारो डॉलर मोजणारे लोक आहेत.

ज्यांना एवढे पैसे परवडत नाहीत त्यांच्यासाठी नव्याने काढलेल्या रेकॉर्ड आहेत. पण त्यासुद्धा साध्यासुध्या नाहीत. मूळ टेप शोधायची, ती कुठेही डिजिटल न करता थेट त्यावरून तबकडी कोरायची, जाड व्हिनाइलवर दाबायची आणि जुन्या पद्धतीच्या जाड पुठ्ठ्याच्या कव्हरमध्ये घालायची, असा सगळा थाट. यांना ऑडिओफाइल रीइश्यू म्हणतात. जगभर यांचे संग्राहक आहेत आणि त्यांच्या कपाटात सगळ्यात जास्त जागा व्यापणाऱ्या नावांपैकी एक म्हणजे ब्लू नोट.

पण गंमत अशी की ज्या माणसाने या टेप तयार केल्या, त्याच्या हयातीत यातल्या कित्येक रेकॉर्ड दुकानात पडून होत्या. काही तर त्याने बाहेरच काढल्या नाहीत. आणि जेव्हा खरोखर धो धो विकल्या जाणाऱ्या रेकॉर्ड हाती लागल्या, तेव्हा त्याला कंपनी विकावी लागली.

त्या माणसाचं नाव आल्फ्रेड लायन.

स्केटिंगला गेला आणि जॅझ ऐकून आला

आल्फ्रेडचा जन्म २१ एप्रिल १९०८ चा, बर्लिनचा. घराणं ज्यू. मूळ आडनाव लोव्ह, अमेरिकेत गेल्यावर त्याचं लायन झालं.

गोष्ट आहे १९२५ सालची. आल्फ्रेड सोळा-सतरा वर्षांचा होता. स्केटिंग करण्याचा त्याला नाद. एकदा नेहमीच्या ठिकाणी गेला तर तिथे एका कार्यक्रमाचं पोस्टर लागलेलं. अमेरिकेहून सॅम वुडिंग नावाचा कृष्णवर्णीय बँडप्रमुख आपला ताफा घेऊन आला होता. हे काय प्रकरण आहे म्हणून आल्फ्रेड आत जाऊन बसला.

त्याने असं संगीत आधी कधी ऐकलं नव्हतं. संगीताचं शिक्षण त्याने घेतलेलं नव्हतं, पुढेही कधी घेतलं नाही. पण तो ताल त्याच्या डोक्यात जो बसला तो कायमचा.

विशीच्या आसपास त्याने थेट न्यूयॉर्क गाठलं. खिशात पैसे नाहीत, ओळख नाही. दिवसा गोदीत हमाली करायची आणि रात्री सेंट्रल पार्कमध्ये झोपायचं. गोदीतल्या एका कामगाराला हा परदेशी पोरगा आपलं काम पळवतोय असं वाटलं आणि त्याने आल्फ्रेडला बेदम मारलं. इस्पितळात पडून राहावं लागलं आणि शेवटी जर्मनीला परतावं लागलं. येताना सामानात मात्र भरपूर रेकॉर्ड होत्या.

म्हणजे ज्याच्या रेकॉर्ड आज लोक गोळा करतात, तो स्वतः आधी एक संग्राहक होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एक मैफल आणि दोन आठवडे

जर्मनीत नाझी आले. ज्यूंना तिथे राहणं अशक्य झालं. काही काळ दक्षिण अमेरिकेत आयात-निर्यातीच्या धंद्यात काम करून लायन १९३० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा न्यूयॉर्कला आला, या वेळी कायमचा.

२३ डिसेंबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एक मोठी मैफल झाली. जॉन हॅमंड या संगीत निर्मात्याने कृष्णवर्णीय संगीताचा सगळा प्रवास एका रात्रीत मांडायचा घाट घातला होता. त्यात आल्बर्ट अ‍ॅमन्स आणि मीड लक्स लुइस हे दोन पियानोवादक होते. दोघांचं वाजवणं बुगी-वुगी पद्धतीचं, म्हणजे डाव्या हाताने आगगाडीसारखा न थांबणारा ताल आणि उजव्या हाताने त्यावर खेळ.

लायन प्रेक्षकांत होता. ऐकून तो इतका पेटला की बरोबर दोन आठवड्यांनी, ६ जानेवारी १९३९ ला, त्याने एक स्टुडिओ भाड्याने घेतला आणि दोघांना रेकॉर्डिंगला बोलावलं. पैसे होते मॅक्स मार्गुलिस या डाव्या विचारांच्या लेखक मित्राचे.

त्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमधून दोन तबकड्या निघाल्या. किती प्रती काढल्या असतील? प्रत्येकी पन्नास.

कंपनीचं नाव ठेवलं ब्लू नोट. ब्लूज गाताना काही स्वर नेहमीच्या जागेवरून किंचित खाली उतरवून लावतात. आपल्याकडे एखादा गवई कोमल स्वर अजून थोडा उतरवून लावतो आणि ऐकणाऱ्याच्या काळजात हलतं, साधारण तसंच काहीतरी. त्या उतरलेल्या स्वराला ब्लू नोट म्हणतात.

पहिल्याच तबकडीपासून लायनने एक वेगळी गोष्ट केली. तेव्हा जॅझ १० इंची तबकडीवर निघायचं. एका बाजूला साधारण तीन मिनिटं मिळायची. १२ इंची तबकडी मुख्यतः पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतासाठी राखून ठेवलेली, कारण ती महाग. लायनने जॅझसाठी १२ इंची वापरली. का, तर वादकाला मिनिटभर जास्त मिळावं.

त्याच वर्षी जूनमध्ये सिडनी बेशे या क्लॅरिनेट आणि सोप्रानो सॅक्सोफोन वाजवणाऱ्या कलाकाराकडून त्याने गर्शविनची 'समरटाइम' ही संथ चाल रेकॉर्ड केली. ती चालली. ब्लू नोटची ही पहिली गाजलेली रेकॉर्ड.

शेवटच्या बोटींपैकी एक

लायनचा बर्लिनपासूनचा एक दोस्त होता, फ्रान्सिस वुल्फ. तोही ज्यू, तोही जॅझवेडा, आणि पेशाने फोटोग्राफर. युद्ध सुरू झाल्यावर जर्मनीतून निघणाऱ्या शेवटच्या बोटींपैकी एकीतून तो कसाबसा १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पोचला. आल्या आल्या लायनबरोबर कामाला लागला तो मरेपर्यंत.

मधे लायनला दोन वर्षं लष्करात जावं लागलं. तेवढा काळ रेकॉर्डिंग बंद होतं. वुल्फने एका रेकॉर्डच्या दुकानात नोकरी केली आणि तिथूनच ब्लू नोटच्या तबकड्या विकत राहिला. १९४३ च्या शेवटी दोघांनी परत काम सुरू केलं.

तोवर जॅझ बदललं होतं. तरुण वादक बीबॉप नावाचं काहीतरी वेगवान आणि गुंतागुंतीचं वाजवत होते. जुन्या पद्धतीच्या जॅझवर जीव असलेल्या लायनला सुरुवातीला ते कळेना. आइक क्विबेक या सॅक्सोफोनवादकाने त्याला हाताला धरून नव्या मुलांपर्यंत नेलं.

तिथे त्याला थेलोनियस मंक भेटला. हा पियानोवादक असा वाजवायचा की अर्ध्या लोकांना वाटायचं, याची बोटं चुकतायत. लायनने मात्र ऐकताक्षणी ओळखलं. ऑक्टोबर १९४७ मध्ये मंकच्या स्वतःच्या नावाने पहिलं रेकॉर्डिंग झालं आणि पुढच्या सहा आठवड्यांच्या आत एकूण तीन रेकॉर्डिंग झाली. मोठ्या कंपनीने हे केलं नसतं. पहिली रेकॉर्ड विकली जाते का, हे बघून मग दुसरी.

मंकच्या रेकॉर्ड विकल्या गेल्या नाहीत. लायनची तेव्हाची पत्नी लॉरेन त्या तबकड्या घेऊन दुकानं पालथी घालायची, पण कुणी हात लावेना. तरी लायन १९५२ पर्यंत मंकला रेकॉर्ड करत राहिला.

आई-वडिलांच्या दिवाणखान्यातला स्टुडिओ

आता आपण त्या भागाकडे येतो, ज्यासाठी आजचे ऑडिओफाइल जीव टाकतात. आवाज.

१९५३ च्या सुमारास गिल मेले नावाच्या वादकाचं एक रेकॉर्डिंग लायनच्या कानावर पडलं. आवाज असा स्वच्छ आणि जवळचा, की वादक समोर बसलाय. त्याने चौकशी केली तर समजलं, हे न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावात एका माणसाने घरच्या घरी केलंय.

त्या माणसाचं नाव रूडी व्हॅन गेल्डर. दिवसा तो चष्म्याचे नंबर काढायचा. त्याचा स्टुडिओ म्हणजे आई-वडिलांच्या घराचा दिवाणखाना. जॅझच्या इतिहासातल्या कितीतरी मोठ्या रेकॉर्ड या दिवाणखान्यात झाल्या. १९५९ मध्ये त्याने जवळच्याच एंगलवुड क्लिफ्सला मोठा स्टुडिओ बांधला आणि चष्म्याचं काम सोडलं.

व्हॅन गेल्डर फक्त रेकॉर्डिंग करून थांबायचा नाही. तबकडी कोरायचं कामही तो स्वतः करायचा. हे काम असं असतं: टेप वाजत असते आणि त्या आवाजाबरोबर एक टोकदार सुई लाखेच्या तबकडीत चर कोरत जाते. त्या लाखेच्या तबकडीवर धातूचा थर चढवून साचा बनतो आणि साच्याने व्हिनाइल दाबतात. म्हणजे लाखेवर जे कोरलं गेलं, तेच शेवटी तुमच्या घरी वाजणार. व्हॅन गेल्डर स्वतः कोरलेल्या तबकडीवर आपल्या नावाची अक्षरं टाकायचा. संग्राहक कानासोबत ही अक्षरंही शोधतात.

पण आवाज एकट्या इंजिनियरचा नसतो. लायनने एक अशी गोष्ट केली, जी तेव्हाच्या छोट्या जॅझ कंपन्यांच्या हिशोबात बसत नव्हती. तो तालमीचे पैसे द्यायचा.

नेहमीची पद्धत अशी होती की वादकांना थेट स्टुडिओत बोलवायचं, चार ओळखीच्या चाली वाजवून घ्यायच्या आणि संध्याकाळपर्यंत रेकॉर्ड तयार. लायन आधी तालमीचे दिवस ठेवायचा आणि त्याचा मोबदला वेगळा द्यायचा. त्यामुळे वादक नव्या, स्वतःच्या, अवघड रचना घेऊन यायचे. स्टुडिओत खाण्यापिण्याची चंगळ असायची. वादकांचे कार्यक्रम रात्री उशिरा संपतात म्हणून रेकॉर्डिंगही त्यांच्या सोयीच्या वेळी.

रेकॉर्डिंग चालू असताना लायन आणि वुल्फ दोघं वादकांकडे बघत उभे असायचे. लायनला स्वरलिपी वाचता यायची नाही. त्याची कसोटी एकच होती, ते झुललं पाहिजे. झुललं की तो बेताल पावलं टाकत नाचायला लागायचा. वादकांना समजायचं, हा टेक पास झाला.

वुल्फ तेव्हा कॅमेरा घेऊन फिरत असायचा. त्याचे काळे-पांढरे फोटो घेऊन रीड माइल्स नावाचा डिझायनर कव्हर बनवायचा. पैसे कमी, त्यामुळे बऱ्याच कव्हरवर काळ्या-पांढऱ्यासोबत एखादाच रंग. या अडचणीतूनच ती शैली तयार झाली, जिची नक्कल आज पोस्टरपासून टी-शर्टपर्यंत सगळीकडे दिसते. माइल्सने ब्लू नोटसाठी जवळपास ५०० कव्हर केली. आणि त्याला स्वतःला जॅझची फारशी आवड नव्हती, तो पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकायचा. केनी बरेल या गिटारवादकाच्या कव्हरवरचं चित्र तर तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेल्या अँडी वॉरहॉलचं आहे.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही मंडळी एकामागून एक रेकॉर्ड काढत गेली. आर्ट ब्लेकी, होरेस सिल्व्हर, जिमी स्मिथ, सॉनी क्लार्क, हँक मोब्ली. जॉन कोल्ट्रेन दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध होता, पण लायनला दिलेला तोंडी शब्द पाळून त्याने सप्टेंबर १९५७ मध्ये 'ब्लू ट्रेन' ही रेकॉर्ड करून दिली. कोल्ट्रेनच्या नावाने ब्लू नोटवर त्याने केलेली ती एकमेव.

हिट झालं आणि गळ्याशी आलं

२१ डिसेंबर १९६३ ला ली मॉर्गन या तरुण ट्रम्पेटवादकाने 'द साइडवाइंडर' रेकॉर्ड केलं. पुढच्या वर्षी ते बाजारात आलं आणि पहिली खेप हातोहात संपली. जॅझची रेकॉर्ड असून ती पॉपच्या यादीत चढली. पाठोपाठ होरेस सिल्व्हरचं 'साँग फॉर माय फादर' आलं. तेही जोरात चाललं.

आता तुम्ही म्हणाल, मग तर कंपनी मालामाल झाली असेल.

झालं उलटं. छोट्या कंपनीचा माल दुकानांपर्यंत पोचवायचे ते वितरक. रेकॉर्ड कारखान्यात दाबून घ्यायची तर पैसे लगेच मोजावे लागायचे. वितरकांकडून मात्र विक्रीचे पैसे महिनोन्‌महिने यायचे नाहीत. रेकॉर्ड कमी विकली जाते तोवर ही ओढाताण निभते. पण मागणी दहापट झाली की कारखान्याचं बिलही दहापट होतं आणि वितरकांकडे अडकलेली रक्कमही. वर वितरकांचा तगादा, की पुढची हिट कधी देता. पुढचा हिट माल हातात आल्याशिवाय मागचे पैसे सुटायचे नाहीत.

ज्या माणसाने मंकची पहिली तबकडी विकली न जाताही दुसरी आणि तिसरी केली होती, त्याला आता प्रत्येक रेकॉर्ड हिटच्या साच्यात बसवायचा दबाव होता. कंपनीत माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. लायनचं हृदय कमकुवत झालं होतं.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर लायन आणि वुल्फने ब्लू नोट कंपनी लिबर्टी या मोठ्या कंपनीला विकली. लायन थोडा काळ थांबला आणि १९६७ मध्ये त्याने काम सोडलं. दुसरी पत्नी रूथ हिच्यासोबत तो मेक्सिकोला आणि पुढे कॅलिफोर्नियाला राहायला गेला, जॅझच्या जगापासून लांब. वुल्फ कंपनीत राहिला आणि १९७१ मध्ये वारला. दशकाच्या शेवटापर्यंत ब्लू नोट नावाची कंपनी जवळपास झोपी गेली.

गोदामात पडलेल्या टेप

इथे गोष्ट संपली असती. पण लायनने एक गोष्ट मागे ठेवली होती.

तो विकायच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त रेकॉर्डिंग करायचा. वादक फॉर्मात आहे, नवीन रचना तयार आहेत, तर बोलाव स्टुडिओत. मग त्यातलं काही बाजारात यायचं, काही कपाटात राहायचं. कधी त्याच वादकाची दुसरी रेकॉर्ड आधीच रांगेत असायची, कधी लायनला स्वतःला एखादा टेक पुरेसा पटायचा नाही. टेप मात्र तो जपून ठेवायचा.

१९७५ मध्ये मायकल कस्कुना नावाच्या तरुण निर्मात्याला त्या गोदामात शिरायची परवानगी मिळाली. कोणकोणती रेकॉर्डिंग झाली होती, याची यादी त्याने वादकांना विचारून विचारून आधीच तयार केली होती. आत त्याला न निघालेल्या रेकॉर्डचा ढीग सापडला.

त्यातली एक हकिकत तर चटका लावणारी आहे. टीना ब्रूक्स नावाचा एक सॅक्सोफोनवादक होता. लायनने त्याच्या स्वतःच्या नावाने चार रेकॉर्डिंग केली. पण ब्रूक्सच्या हयातीत त्यातली एकच बाजारात आली. बाकीची कपाटात. ब्रूक्स १९७४ मध्ये ४२ व्या वर्षी गेला. कस्कुना गोदामात पोचला, त्याच्या एक वर्ष आधी.

सॉनी क्लार्कचंही तसंच. हा पियानोवादक जानेवारी १९६३ मध्ये ३१ व्या वर्षी वारला, तेव्हा त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. पुढे जपानमधल्या जॅझवेड्यांनी त्याची 'कूल स्ट्रटिन' ही १९५८ ची रेकॉर्ड डोक्यावर घेतली. त्या कव्हरवर रस्त्याने चालणाऱ्या बाईचे फक्त पाय दिसतात. ते पाय रूथचे, जी पुढे लायनची बायको झाली.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कस्कुनाने चार्ली लूरी या साथीदारासोबत मोझेक नावाची कंपनी काढली. संग्राहकांसाठी मोजक्या प्रतींचे संच टपालाने विकायचे, अशी कल्पना. पहिला संच कुणाचा होता माहितीये? थेलोनियस मंकच्या ब्लू नोटवरच्या सगळ्या रेकॉर्डिंगचा. त्याच, ज्या लॉरेन दारोदार घेऊन फिरायची.

१९८५ मध्ये ब्लू नोट कंपनी नव्याने सुरू झाली. त्यानिमित्त २२ फेब्रुवारीला न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये मोठी मैफल झाली आणि सत्तरी ओलांडलेला लायन तिथे हजर होता. पुढच्या वर्षी जपानमध्ये माउंट फुजीच्या पायथ्याशी ब्लू नोटचा महोत्सव झाला. तिथल्या तरुण पोरांनी लायनचं स्वागत एखाद्या स्टारसारखं केलं.

त्यानंतर काही महिन्यांतच, २ फेब्रुवारी १९८७ ला, आल्फ्रेड लायन गेला. वय होतं ७८.

मग आज लोक नेमकं काय विकत घेतात?

२०१९ मध्ये ब्लू नोटने टोन पोएट नावाची मालिका सुरू केली. निवड जो हार्ली करतो, मूळ टेपवरून कोरायचं काम केव्हिन ग्रे करतो आणि रेकॉर्ड कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात दाबल्या जातात. या मालिकेच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डमध्ये वेन शॉर्टरची 'एटसेटरा' होती. ती लायनने १९६५ मध्ये रेकॉर्ड केली आणि बाहेर काढलीच नव्हती. बाजारात आली थेट १९८० मध्ये. आज तीच उत्तम प्रतीत मिळवायला संग्राहक धडपडतात.

तुम्हाला या नादात पडायचं असेल तर एक लक्षात ठेवा. १८० ग्रॅमचं जाड व्हिनाइल म्हणजे आपोआप चांगला आवाज, असं नसतं. जाड तबकडीवर वाईट कोरलेलं संगीतही दाबता येतं. बघायचं ते हे, की मूळ टेप वापरली का, मधे किती वेळा नक्कल झाली आणि तबकडी कुणी कोरली. ही माहिती चांगल्या रीइश्यूवर बहुधा दिलेली असते. आणि कानाची खूण नसलेली रेकॉर्ड म्हणजे टाकाऊ रेकॉर्ड नव्हे. जुन्या घासलेल्या मूळ प्रतीपेक्षा चांगला रीइश्यू कितीतरी स्वच्छ वाजतो.

पण कितीही महागडी यंत्रं लावली तरी टेपवर जे नाही ते तबकडीवर येत नाही. टेपवर जे आहे, ते तालमीच्या पैशांमुळे आहे, न विकल्या जाणाऱ्या मंकला पुन्हा बोलावल्यामुळे आहे, आणि नफ्याचा हिशोब न बघता जास्तीची रेकॉर्डिंग करून टेप जपल्यामुळे आहे. गोदीत मार खाऊन घरी परतताना रेकॉर्ड घेऊन येणाऱ्या पोराने पुढे कंपनी काढली, तीही एखाद्या संग्राहकासारखीच चालवली.

त्याच सवयीची किंमत टीना ब्रूक्सलाही मोजावी लागली, हेही विसरून चालणार नाही. लायनने त्याला वाजवायची संधी दिली, त्याच्या टेप जपल्या, पण त्या ऐकल्या जाईपर्यंत ब्रूक्स राहिला नव्हता. आज त्याच्या रीइश्यू विक्रीला आल्या की संग्राहकांची झुंबड उडते. पुढच्या वेळी कुणी दिव्याखाली तबकडी धरून कानाची खूण शोधताना दिसला, तर त्याला एवढंच सांगा, की खूण सापडो न सापडो, कव्हरवर वादकाचं नाव लिहिलेलं आहे, ते आधी वाच.